आरशाच्या गणितातील ‘अंतर’ आणि ‘उंची’

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तळेगाव दाभाडे येथे दोन राष्ट्रीय प्रयत्न एकत्र नांदले : ‘ग्रंथमाले’तून मराठीत ज्ञानग्रंथ आणणाऱ्या विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय आणि १९०८ मधील पैसा फंडाचा काच कारखाना. विद्यालय सरकारने १९१० साली बंद पाडले. मराठीतून शास्त्र शिकविण्याचा प्रश्न मात्र उरला. त्याचे सध्याचे स्वरूप काचेच्याच एका वस्तूवरून, शालेय पुस्तकांतील गोलीय आरशांच्या उदाहरणांवरून, पाहता येते.

१० सेंमी नाभीय अंतराच्या अंतर्गोल आरशापुढे १५ सेंमीवर ४ सेंमी उंचीची वस्तू ठेवली आहे. चिन्हसंकेतानुसार वस्तूचे अंतर उणे १५ व नाभीय अंतर उणे १०. प्रतिमेच्या व वस्तूच्या अंतरांच्या व्यस्तांची बेरीज नाभीय अंतराच्या व्यस्ताइतकी असते. म्हणून प्रतिमेचे अंतर उणे ३०, विशालन उणे २ आणि प्रतिमेची उंची उणे ८ सेंमी येते. गणित निर्दोष आहे. परंतु ‘उणे उंची’ हा प्रयोग मराठी भाषकास अपरिचित होय. व्यवहारात अंतर व उंची ही केवळ परिमाणे. दिशा सांगण्याचे कार्य ‘पुढे–मागे’, ‘सुलट–उलट’ हे शब्द करतात. संकेताने ते कार्य चिन्हाकडे सोपविले, शब्द मात्र जुनेच ठेवले. विद्यार्थी अडखळतो तो बहुधा या अर्थांतरापाशी.

हेच आकडे ठेवून ‘अंतर्’ या पूर्वपदाऐवजी ‘बहिर्’ योजले, की नाभीय अंतर अधिक १० होते. प्रतिमा आरशामागे ६ सेंमीवर, सुलट व १.६ सेंमी उंचीची ठरते. प्रतिमा वास्तव की आभासी, मोठी की लहान, हे येथे एका पूर्वपदाने ठरविले. म्हणजे उदाहरणाचा पहिला टप्पा आकडेमोडीचा नसून वाचनाचा आहे.

चिन्हसंकेत त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. दोन्ही आरशांना एकच सूत्र लागू पडते ते त्याच्याच बळावर. तथापि चिन्ह मांडण्यापूर्वी दिशा शब्दांत लिहावी आणि उत्तर पुन्हा शब्दांत आणावे : ‘प्रतिमा आरशापुढे ३० सेंमीवर, वास्तव, उलट, ८ सेंमी उंचीची’. हे वाक्य लिहिता न येणाऱ्यास सूत्र पाठ असेल. प्रतिमा कोठे पडली, हे त्यास उमगले असे म्हणता येणार नाही. परिभाषा सिद्ध झाली, तरी तिच्यातून बोलीकडे परतण्याची वाट शिकविणे अद्याप आवश्यक आहे.