बुटाला न लागलेला चिखल

वॉरहॅमरचे रंगवलेले सैनिक जवळून पाहिलेत, तर एक गोष्ट तुम्हालाही खटकेल. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा रेखलेली, सैनिक घोटाभर चिखलात उभा, आणि बूट मात्र आत्ताच दुकानातून आणल्यासारखे! चिखल फक्त बेसवर. माझ्या कपाटातही असे बरेच आहेत.

नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपचा 'स्टर्लंड मड' हा दाट, खरखरीत रंग थापला की जमीन तयार. दोष डबीचा नाही, तिथेच थांबण्याचा आहे. 28 मिलिमीटरच्या मूर्तीशेजारी 1 मिलिमीटरचा खडा म्हणजे प्रत्यक्षातला सुमारे 6 सेंटिमीटरचा धोंडा. त्याला चिखल कसं म्हणायचं? चिखलाला पिगमेंटची बारीक पूडच हवी.

शिवाय चिखल एका रंगाचा नसतो. मातीतल्या फटी पाण्याने भरल्या की प्रकाश कमी परततो, म्हणून ओली माती काळपट दिसते आणि सुकलेली फिकट. तेव्हा खोलगट जागी गडद रंगावर ग्लॉस वार्निश, उंचवट्यावर फिकी, कोरडी पूड. मराठीत चिखल, राड, गाळ हे वेगळे शब्द उगाच नाहीत.

आता तीच पूड टाचांवर, झग्याच्या काठावर लावून पाहा. वर जाईल तशी विरळ. चिखल हा सैनिक चालत आल्याचा पुरावा असतो. तो पायाला लागलाच नसेल, तर त्याला कुणीतरी उचलून तिथे ठेवलंय, हे लगेच कळतं.