कानांनी पाहायचा सिनेमा

अलीकडच्या बहुतेक मराठी चित्रपटांवर एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. पडद्याकडे पाठ करून बसायचं. कथा कळते. कोण कोणावर चिडलं आहे ते कळतं, कुठे हसायचं आणि कुठे डोळे पुसायचे तेही कळतं. वहिनीच्या मनात काळंबेरं आहे हे तिच्यामागे घोंगावणारा कीबोर्ड सांगतो. नायक पेचात पडला आहे हे नायक स्वतः सांगतो, मग मित्राला फोन करून सांगतो, आणि उरलंसुरलं गाण्याचा दुसरा अंतरा सांगतो. तासाभरानं मागे वळून पाहिलंत तर बुडालेलं फार तर एवढंच असेल: लंडनमधले दोन-तीन ड्रोन शॉट.

हे सगळं पुन्हा डोक्यात गेलं ते २०२५ सालामुळे. त्या वर्षी मार्चमध्ये जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ आला आणि सप्टेंबरमध्ये रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. पहिला टोरंटोहून नेटपॅक पुरस्कार घेऊन आलेला, दुसरा सनडान्समध्ये जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवून. पाठ करून पाहता येणारच नाहीत असे हे चित्रपट. ते आले आणि त्यांच्याबद्दल चार लोकांनी चार लोकांना सांगेपर्यंत बहुतेक पडद्यांवरून उतरलेही. आणि परिसंवादांत, पुरस्कार सोहळ्यांत, निर्मात्यांच्या मुलाखतींत पालुपद तेच: प्रेक्षकाच्या सवयी बदलल्या हो, आता थांबून बघायला वेळ कोणाला आहे!

सवयी बदलल्या, हे नाकारतंय कोण? टाळेबंदीत घराघरांत जे शिरलं ते बाहेर पडलेलं नाही. नेटफ्लिक्सनं २०२० मध्ये चित्रपट दीडपट वेगानं बघायची सोय करून दिली आणि लोकांनी ती आनंदानं वापरली. अख्खा सिनेमा दहा मिनिटांत ‘समजावून’ सांगणारे व्हिडिओ जेवताना बघितले जातात. भाजी निवडत, इस्त्री करत, व्हॉट्सॲपवर अंगठा फिरवत सिनेमा ‘होतो’. चार जणांच्या कुटुंबानं मल्टिप्लेक्सला जायचं तर तिकिटं, पार्किंग आणि पॉपकॉर्न मिळून महिन्याच्या किराण्याला हात घालावा लागतो, तेव्हा घरी बसणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

माझं भांडण वेगळं आहे. प्रेक्षकानं पडद्यावरून नजर काढली कारण पडद्यावर नजर ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मोबाइल त्याच्या हातात नंतर आला. नजर हटवायचं शिक्षण त्याआधीच सुरू झालं होतं आणि ते घरच्या टीव्हीनं दिलं. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली, तिच्या पाठोपाठ दैनंदिन मालिकांचा रतीब लागला. स्वयंपाकघरात फोडणी देणाऱ्या बाईला दिवाणखान्यात काय चाललंय ते कळलं पाहिजे, हे त्या मालिकांचं व्याकरण. त्यात गैर काही नाही, मालिका त्यासाठीच असते. गैर हे झालं की मालिकांतले लेखक, दिग्दर्शक, संगीतकार चित्रपटात आले तेव्हा ते व्याकरणही जसंच्या तसं बरोबर घेऊन आले. तोच दचका देणारा ठोका, तीच तीन चेहऱ्यांवर तीनदा फिरणारी प्रतिक्रिया. आकाशवाणीच्या श्रुतिकांना निदान ठाऊक असायचं की ऐकणाऱ्याला दिसत नाही, म्हणून त्या आवाजाचा वापर जपून करत. आजच्या चित्रपटाला समोरचा पाहतो आहे याचाच विसर पडला आहे.

मराठीचा पिंडच नाटकाचा, संवादावर आपलं प्रेम, असा बचाव नेहमी होतो. त्याला उत्तर १९३७ मध्ये देऊन झालं आहे. ‘प्रभात’च्या ‘कुंकू’त शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वापरलंच नाही. मराठी बोलपट येऊन पाच वर्षं झाली होती, संगीत नाटकाची चटक लागलेला प्रेक्षक समोर होता, आणि तरीही जरठ नवऱ्याच्या घरातली ती गुदमर घड्याळाच्या लंबकानं आणि शांता आपट्यांच्या वळलेल्या मानेनं सांगितली गेली. तो प्रेक्षक काही पॅरिसच्या फिल्म सोसायटीतून आला नव्हता. त्याला झेपलं, आणि त्याच्या पणतूला झेपत नाही म्हणतात.

‘स्थळ’ची गोष्ट सांगायला दोन वाक्यं पुरतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली सविता कॉलेजात शिकते आहे, कापूस पिकवणाऱ्या तिच्या बापाला तिचं लग्न उरकायचं आहे. पाहुणे येतात, बघतात, जातात, नकार कळवतात, आणि पुन्हा नवे येतात. सोमलकर करतात ते एवढंच की बघण्याचा कार्यक्रम ते पुन्हा पुन्हा दाखवतात. बैठकीत भिंतीला टेकलेले पुरुष, मधे ती मुलगी, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद कोणते. पहिल्यांदा आपण हसतो. दुसऱ्या खेपेला हसू अर्धवट राहतं. तिसऱ्या खेपेला प्रश्न आपल्याला पाठ झालेले असतात, म्हणून ऐकणं सुटतं आणि आपण बघायला लागतो: दाराआड उभ्या असलेल्या बायका, पोह्यांच्या बशा कोणाच्या हातून कोणाकडे जातात ते, बापाची खाली गेलेली नजर. पुनरावृत्तीतून प्रेक्षकाचे डोळे उघडायची ही रीत फार हुशारीची आहे. कापसाचा भाव आणि मुलीचा ‘भाव’ एकाच अंगणात ठरताना दिसतो, आणि कोणीही उठून त्यावर भाषण देत नाही. नंदिनी चिकटे या मुलीचा चेहरा काही ‘करत’ नाही, त्यामुळे त्यावर सगळं उमटतं. सुरुवातीच्या स्वप्नदृश्याचं, ज्यात बायका बैठकीत बसून मुलाला बघतात, सगळ्यांनी कौतुक केलं. मला चित्रपटातली तीच जागा सर्वांत कच्ची वाटते. तिथेच तो समजावून सांगायच्या मोहात पडतो.

‘साबर बोंडं’ त्याहून एक पाऊल पुढे जातो. वडील गेल्यावर मुंबईत राहणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तिथे लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. दोघांत जे आहे ते आहे, आणि नातेवाइकांना आनंदच्या लग्नाची घाई आहे. हा विषय आपल्याकडच्या एखाद्या ‘धाडसी’ दिग्दर्शकाच्या हाती पडला असता तर काय झालं असतं, याची कल्पना करून पाहा. पावसात भिजणारे खांदे, मागून सारंगी, शेवटी सरपंचासमोर एक मोठा संवाद. कानवडे यांनी पार्श्वसंगीत पूर्ण वगळलं आहे. कॅमेरा जागेवर बसून राहतो, माणसं चौकटीत येतात, जातात. हे धाडसी आहे असं आपल्याला कोणी सांगत नाही. हे दुःखद आहे असंही कोणी सांगत नाही. त्यामुळे प्रेम सुतकातच येतं, अनवाणी फिरण्याच्या, मोजून जेवण्याच्या त्या नियमांमधून वाट काढत, आणि आईला किती कळलं आहे ते तिच्या बोलण्याआधी आपल्याला कळतं. बायका ओसरीवर कुजबुजतात ते ऐकायला आपण पुढे झुकतो. मराठी चित्रपटात पुढे झुकून ऐकावं लागलं, असं यापूर्वी कधी झालं होतं?

झालं होतं. ‘विहीर’मध्ये झालं होतं, ‘फँड्री’त झालं होतं. डुक्कर हातातोंडाशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याचं सगळं कुटुंब जागच्या जागी थिजून उभं राहतं, त्या दृश्याला कुठल्या संवादाची गरज होती? आणि ‘कोर्ट’मध्ये तर चैतन्य ताम्हाणेंनी अख्खं न्यायालय रिकामं होईपर्यंत, एकेक दिवा मालवला जाऊन पडदा काळा होईपर्यंत कॅमेरा हलू दिला नाही. सिनेमा संपला असं समजून आपण उठायच्या बेतात असतो, आणि मग न्यायाधीश सहलीला निघतात. या चित्रपटात संभाजी भगतांची गाणी आहेत, पण ती शाहिराच्या तोंडी आहेत, प्रसंगाच्या पाठीत कोपर मारायला नाहीत.

बाकीच्यांचं काय? शिवपटांबद्दल बोलायला हवं, कारण २०१८च्या ‘फर्जंद’पासून तो आपला मुख्य धंदा झाला आहे. मागे सह्याद्री जागेवर उभा असताना संगणकावर गड बांधायचा, तलवार म्यानातून निघाली की वेळ मंदावायची, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ढोल. पन्हाळ्याहून विशाळगडाची वाट ज्यांनी पावसाळ्यात एकदा तरी तुडवली आहे त्यांना माहीत आहे की नुसता चिखल, जळवा आणि धुकं यांत ‘पावनखिंडी’चा अर्धा सिनेमा होता. भालजी पेंढारकरांचेही संवाद दणदणीत असायचे, मान्य; पण त्यांच्याकडे संवाद संपल्यावर माणूस गप्प उभा राहू शके. बायकांच्या सहली आणि मंगळागौरी: ‘झिम्मा’ आणि ‘बाईपण भारी देवा’ला ज्या बायका मैत्रिणींचे गट करून आल्या त्या खऱ्या होत्या, पडद्यावरचं नव्हतं. चरित्रपट ही रंगभूषाकारांची स्पर्धा आहे. दाक्षिणात्य चित्रपटांच्या मराठी आवृत्त्यांबद्दल न लिहिणंच बरं. ‘दशावतार’मध्ये दिलीप प्रभावळकरांच्या चेहऱ्यावर विसंबलं असतं तर उत्तरार्धातला निम्मा गोंगाट वाचला असता. हिंदीतल्या ‘छावा’वर लोक ढसाढसा रडले, हे खरं आहे. माणूस हाल होऊन मरताना पाहून रडू येतंच, त्यासाठी दिग्दर्शकाला श्रेय कशाला?

यावर उत्तर येतं की चार समीक्षक आणि दोन महोत्सव म्हणजे प्रेक्षक नव्हेत, लोकांना हे शांत प्रकरण नको असतं. हा दावा करणाऱ्यांनी ‘सैराट’ बघितलेला दिसत नाही. मराठीतला सगळ्यांत गाजलेला, सगळ्यांत नाचलेला, अजय-अतुलच्या ताशांनी थिएटरं दणाणवलेला चित्रपट. त्याच्या शेवटी नागराज मंजुळेंनी काय केलं? आवाज बंद. मूल रडतं आणि ते रडणं ऐकू येत नाही. फरशीवर रक्ताची छोटी पावलं उमटत जातात. २०१६ च्या उन्हाळ्यात खुर्च्यांवर उभं राहून नाचलेल्या पोरांनी, अकलूजपासून अमरावतीपर्यंत, तो शेवट श्वास रोखून पाहिला. शिट्टी मारायला कोणी शिकवावं लागत नाही, तसं गप्प बसायलाही नाही. संधी द्यावी लागते. त्या वर्षी उद्योगानं ‘सैराट’मधून काय उचललं? ‘झिंगाट’.

वितरणाचा प्रश्न मला कळत नाही असं नाही. सकाळी साडेनऊचा किंवा कामाच्या दिवशी दुपारचा खेळ देऊन शुक्रवार ते गुरुवारात चित्रपटाचा निकाल लावला जातो. देशातल्या दोन सगळ्यात मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या २०२३ मध्ये एक झाल्यापासून तर दाद मागायला दुसरं दारही राहिलेलं नाही. पण यावरचा आपला उपाय काय होता? एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारनं मराठी चित्रपटाला संध्याकाळी सहा ते नऊची वेळ सक्तीची केली, ओरड झाल्यावर ती दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणली. त्याच एप्रिलमध्ये ‘कोर्ट’ प्रदर्शित झाला. प्राइम टाइमच्या सगळ्या त्या आरडाओरड्यात, त्या वेळेला दाखवायचं काय यावर कोणी अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही. वेळ मिळाली, अनुदान मिळालं, उपग्रह हक्क विकले गेले, आणि चित्रपट पुन्हा मालिकेच्या मापानंच शिवला गेला. कारण उपग्रह हक्क घेणाऱ्याला तेच माप हवं होतं. थिएटरला आलेला प्रेक्षक हा या हिशेबात कधीच गिऱ्हाईक नव्हता. तो पोस्टरवर आठवड्याचा आकडा छापण्यापुरता लागायचा.

म्हणून ‘मराठी माणसानं मराठी चित्रपट बघितलाच पाहिजे’ ही हाक आता मला उर्मट वाटते. कशासाठी बघायचा? जो चित्रपट माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही त्याला मी भाषेच्या नावानं अडीचशे रुपये का द्यावेत? मल्याळम चित्रपट केरळात आग्रहावर चालत नाही. आपल्याकडे कलाकार मंडळी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी हात जोडून, गहिवरल्या स्वरात आवाहनाचा व्हिडिओ टाकतात, आणि त्या व्हिडिओलाही मागे बासरी असते.

शांत चित्रपट चालत नाहीत हे सिद्ध करायचं असेल तर आधी ते चालवून बघा. दहा शहरांत, संध्याकाळच्या खेळाला, सलग तीन आठवडे, एका बड्या शिवपटाच्या जाहिरातीत जातात त्यातले थोडे पैसे घालून. ‘स्थळ’ चंद्रपूर, यवतमाळ, वर्ध्याला लावा, जिथली भाषा तो बोलतो, आणि तिकीट शंभर रुपये ठेवा. ‘साबर बोंडं’ कॉलेजांच्या गावांत फिरवा. मग आपटले तर खुशाल म्हणा की प्रेक्षकाला झेपत नाही. प्राइम टाइमची मागणी पुन्हा उठेल, निवेदनं दिली जातील, मंत्र्यांसोबत फोटो निघतील. निवेदनाखाली सही करणाऱ्या प्रत्येक निर्मात्यानं त्याआधी आपला गेला चित्रपट आवाज बंद करून शेवटपर्यंत बघावा, आणि मगच सही करावी.