जीवाणु विष ‘खातात’ काय?

शास्त्रीय विषयांवरील मराठी लेखांत एक विधान वरचेवर भेटतें : कारखान्यांतील द्रावकें जमिनींत मुरलीं, तरी तेथील जीवाणु तीं ‘खाऊन टाकतात’. विधान सुटसुटीत आहे. घरांतील मुलांनाही तें समजतें. परंतु तें सोपें आहे एवढ्यावर टीकाकारानें समाधान मानूं नये; तें खरें आहे कीं नाहीं हेंही पाहिलें पाहिजे.

क्रियापदांची अशी झडती खानदेशाला परकी नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२६ सालीं धुळ्यांत देह ठेवला, आणि त्यांच्या नांवाच्या संशोधन मंडळानें पुढें तेथूनच त्यांचा मराठी धातुकोश प्रसिद्ध केला. तीच शिस्त येथें लावून पाहूं.

जळगांव-धुळ्याकडील वाचकांस सरकीची ढेप परिचयाची आहे. ढेपेंत उरलेलें तेल काढण्यास हेक्झेन नांवाचें द्रावक वापरतात. हवेशीर मातींतील कांहीं जीवाणु या हेक्झेनवर खरोखरच जगतात. त्यांचें एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन, रेणूच्या टोकाशीं प्राणवायूचा एक अणु जोडतें. त्यापासून अल्कोहोल, मग मेदाम्ल, आणि शेवटीं कार्बन डायऑक्साइड व पाणी होतें. जीवाणूस यांतून शक्तिही मिळते आणि देहाचें द्रव्यही. येथें ‘खाणें’ हा शब्द शोभतो.

आतां कपड्यांच्या कोरड्या धुलाईंत व धातूवरील ग्रीज काढण्यास वापरलें जाणारें टेट्राक्लोरोएथिलीन घ्या. हें पाण्याहून जड. भूजलांत तें खोल उतरतें. जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथील कांहीं जीवाणूंचें अन्न हायड्रोजन आहे. द्रावक त्यांना प्राणवायूच्या जागीं उपयोगी पडतें. म्हणजे ते द्रावक खात नाहींत, त्यावर श्वसन करतात. त्यांचीं विकरें रेणूंतील चार क्लोरीन अणु एकेक करून काढतात. तीन अणु निघाले म्हणजे उरतें तें व्हिनाइल क्लोराइड; हें माणसास कर्करोग करणारें, मूळ द्रावकाहूनही घातक. पुष्कळ जीवाणु वाटेंतच थांबतात. चौथाही अणु काढून एथिलीनपर्यंत जाणारा डिहॅलोकोकॉइडीस अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनीं १९९७ सालीं वर्णिला. असा जीवाणु जेथें नाहीं, तेथें काम अर्धवट राहण्याचें भय असतें.

‘खाल्लें’ म्हटलें कीं ताट रिकामें झालें असें आपण समजतों. विहिरीच्या पाण्यावर ज्यांचें घर चालतें, त्यांच्या दृष्टीनें हा केवळ शब्दच्छल नव्हे. द्रावक नाहींसें झालें असें कोणी सांगितल्यास, त्याचें काय झालें, असें त्यांनीं विचारावयास हवें. आणि तो प्रश्न हें क्रियापद सुचूंच देत नाहीं. लेखकांनीं ‘मोडतात’ असें लिहावें. मोडल्यावर तुकडे उरतात, एवढी तरी जाणीव त्या शब्दांत आहे.