टोपीची बंदूक महिदपुरात नव्हती

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळात मी महिदपूरच्या लढाईवर निबंध वाचला होता. त्यात एक वाक्य मोठ्या ऐटीत टाकलं होतं : "इंग्रजांकडे टोपीच्या बंदुका होत्या, होळकरांकडे तोड्याच्या, निकाल तिथंच लागला." वाचून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला. "साहेब, टोपी आली कोणत्या साली?" मला सांगता आलं नाही. तेवढ्यात चहा आला आणि विषय टळला.

तो निबंध आज मीच तपासायला घेतो आहे. माझी चूक कबूल करावी एवढ्यासाठीच नव्हे. तशीच वाक्यं नंतर मला इतरांच्या लेखांतही भेटत राहिली, म्हणून.

आधी शब्द स्वच्छ करून घेऊ. तोड्याच्या बंदुकीत पेटती वात रंजकावर टेकते. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या तोंडात गारगोटी धरलेली असते. चाप ओढला की ती पोलादावर घासते, ठिणगी रंजकावर पडते, रंजकाची आग नळीच्या कानातून आत जाते आणि मग बार उडतो. टोपीच्या बंदुकीत ठिणगीही नाही आणि उघडं रंजकही नाही. ठोक्यानं पेटणारा मसाला तांब्याच्या चिमुकल्या टोपीत असतो आणि घोडा वरून आदळतो. तिन्ही बंदुका ठासणीच्याच, पण लढाईचा विचार करताना त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पावसात रंजक भिजलं की पहिल्या दोन्हींचं लाकूड होतं.

ठोक्यानं बार उडवण्याची युक्ती काढली ती अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्यानं. अबर्डीनजवळच्या बेलहेल्वी गावात १७९१ पासून तो वडिलांच्या जागी धर्मोपदेशक होता. शिकारीचा नाद, रसायनांचा नाद आणि हातानं लोखंडकाम करायची हौस, असा हा माणूस. त्याची गोष्ट सगळीकडे एकाच साच्यातून सांगितली जाते. चकमकीचा भपका बघून पाण्यातली बदकं बुडी मारायची, पाद्रीबुवा वैतागले, घरामागच्या खोलीत बसले आणि नवी बंदूक घेऊनच बाहेर आले. पुढे नेपोलियननं म्हणे मोठी रक्कम देऊ केली आणि यांनी देशासाठी ती नाकारली. गोष्ट गोड आहे, पण तिच्यात इतिहासाचा मधला भागच गळून जातो.

माझी तक्रार त्या मधल्या भागाबद्दल आहे. फोर्सिथचा पहिला प्रयत्न फसला होता. त्यानं स्फोटक मसाला साध्या चकमकीच्या बंदुकीत रंजकाच्या जागी घालून पाहिला. मसाला झटकन उडून जाई, पण आतली दारू भरवशानं पेटेना. म्हणजे जास्त जोरदार रंजक हे उत्तर नव्हतं. आग ज्या वाटेनं आत जाते ती वाटच बंद करायची आणि ठिणगीऐवजी ठोका वापरायचा, हे त्याला नंतर उमगलं. १८०५ च्या हंगामात त्यानं आपल्या हातच्या बंदुकीनं शिकार केली. म्हणजे हौशी माणसाची कसोटी त्यानं पुरी केली : बंदूक स्वतः भरायची, स्वतः उडवायची, स्वतः पुसायची, आणि काही बिघडलं तर घरी येऊन कानस हातात घ्यायची.

१८०६ साली ती बंदूक घेऊन तो लंडनला गेला. तोफखाना खात्याचा त्या वेळचा प्रमुख लॉर्ड मोइरा. त्यानं फोर्सिथला टॉवर ऑफ लंडनमध्ये जागा दिली आणि लष्करासाठी प्रयोग करायला बसवलं. इथं खरी परीक्षा सुरू झाली. घरच्या बंदुकीचा कर्ता एकच होता. इथं दुसऱ्या कारागिरांकडून तेच काम करून घ्यायचं होतं, आणि ते हवं तसं होईना. वर्षभरात मोइरा त्या जागेवरून गेला. त्याच्या जागी आलेल्या लॉर्ड चॅटमनं प्रयोग थांबवला आणि फोर्सिथला आपलं सामान उचलायला सांगितलं. एप्रिल १८०७ मध्ये त्यानं पेटंट घेतलं, आणि पुढल्या वर्षी पिकॅडिलीत त्याच्या नावानं दुकान निघालं. गिऱ्हाईक सारं शिकारी आणि धनिक.

चॅटमला मूर्ख ठरवून मोकळं होणं सोपं आहे. बहुतेक लेखक तेच करतात. मला ते पटत नाही. फोर्सिथच्या बंदुकीला टोपी नव्हतीच. कळीच्या शेजारी अत्तराच्या कुपीसारखी एक डबी होती. ती फिरवली की चिमूटभर मसाला खाली उतरे, परत फिरवली की घोड्याचा ठोका झेलायला तयार. सगळे सांधे घट्ट बसलेले हवेत, मसाल्याची राख वरचेवर पुसायला हवी, नाहीतर गंज. मन लावून बंदूक जपणाऱ्या शिकाऱ्याला हे झेपतं. चिखलात लोळणाऱ्या हजारो शिपायांना ते कसं झेपणार? तांब्याची टोपी नंतर आली. तिच्या शोधाचा मान आपल्याकडे यावा म्हणून अनेकांनी दावे केले आहेत, पण तो फोर्सिथला देता येत नाही.

लष्कराची खरी कसोटी झाली १८३४ साली, वुलिच इथं. सहा चकमकीच्या आणि सहा ठोक्याच्या बंदुका घेऊन दोन्ही गटांतून ६,००० – ६,००० बार काढले, तेही सगळ्या हवामानात. फुसके गेलेले बार चकमकीचे सुमारे २६, तर त्या जागी ठोक्याचा १, असं प्रमाण निघालं. नेम सुधारला, धक्का कमी झाला, दारूही कमी लागली. पेटंटपासून या आकड्यापर्यंत २७ वर्षं गेली.

आणि त्यानंतरही हिंदी शिपायाच्या हाती जुनंच हत्यार होतं. मे १८४१ मध्ये चीनमध्ये कॅंटनजवळ ३७ व्या मद्रास पलटणीची एक तुकडी मुसळधार पावसात वेढली गेली. त्यांच्या चकमकीच्या बंदुका उडेनात. त्यांना सोडवायला ठोक्याच्या बंदुका घेतलेले मरीन शिपाई पाठवावे लागले.

आता महिदपूर. लढाई २१ डिसेंबर १८१७ ची, क्षिप्रेच्या काठची. म्हणजे वुलिचच्या कसोटीच्या १७ वर्षं आधीची. हिस्लॉप आणि माल्कम यांच्या शिपायांकडे चकमकीच्या बंदुका होत्या. आणि होळकरांकडे नुसत्या तोड्याच्या होत्या हेही अर्धंच खरं. त्यांच्या कवायती पलटणी चकमकीच्या बंदुका वापरत. त्या दिवशी इंग्रजांचे पावणेआठशेच्या आसपास लोक मेले वा जखमी झाले, ते मुख्यतः होळकरांच्या तोफांनी. आदल्या दिवशी तुळसाबाईंचा खून झालेला, गादीवर अल्पवयीन मल्हारराव, सरदारांत फाटाफूट. आमचा पराभव बंदुकीच्या कळीत नव्हता, दरबारात होता. माझ्या त्या एका वाक्यानं हे सगळं झाकलं. तोफेपाशी मरेपर्यंत उभ्या राहिलेल्या गोलंदाजांवर तर मोठाच अन्याय केला. हत्यारच जुनं म्हटलं की त्यांची हिंमतही हिशेबातून जाते आणि दरबाराची जबाबदारीही.

यातली एक गंमत मला फार उशिरा कळली. १८१७ साली या साऱ्या मोहिमेचा सूत्रधार, गव्हर्नर जनरल मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज, म्हणजे तोच लॉर्ड मोइरा! (वॉरन हेस्टिंग्ज वेगळा.) ठोक्याची बंदूक टॉवरमध्ये ज्यानं डोळ्यांनी पाहिली, तिच्या पाद्र्याला ज्यानं जागा दिली, तोही माळव्यात गारगोटीच घेऊन आला. शोध माहीत असणं आणि तो पलटणीच्या हातात असणं यांत किती अंतर असतं, याला याहून चांगला दाखला कुठला?

तेव्हा आपल्या मंडळींना एवढंच सांगणं. इंदूर असो, ग्वाल्हेर असो की बडोदा, हत्यारावर लिहिताना शोधाचं एकच साल देऊ नका. तीन सालं शोधा : बनलं कधी, कसोटीला उतरलं कधी, आणि आपल्या शिपायाच्या हातात पडलं कधी. पहिलं साल कोशात सहज सापडतं. बाकीच्या दोहोंसाठी कागद चाळावे लागतात, आणि लढाईचा खुलासा बहुधा तिथंच सापडतो.

माझ्या जुन्या निबंधातलं ते वाक्य मी आता खोडलं आहे. आजोबा, तुमचं उत्तर द्यायला उशीर झाला. टोपी आली, पण महिदपूरच्या नंतर.