जुनेपणाचा दावा आणि तीन हजार बाटल्या

मद्याविषयी लिहावे हे आमच्या कित्येक वाचकांस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. ज्या घरांत सांजवात लागते तेथे हा पदार्थ येत नाही, आणि तो यावा असे आमचे म्हणणेही नाही. परंतु येथे प्रश्न चवीचा नसून कीर्तीचा आहे. आणि कीर्ती कशाच्या आधारावर उभी करावी, हा प्रश्न देवस्थानापासून दुकानापर्यंत सर्वांसच पडतो.

इटलीच्या लोंबार्दी प्रांतात, ब्रेशा शहर आणि इझेओ सरोवर यांच्या दरम्यान, फ्रान्चाकोर्ता नावाचा टेकड्यांचा मुलूख आहे. हे नाव १२७७ सालच्या ब्रेशाच्या कायदेसंग्रहात आढळते. करमाफी लाभलेल्या मठांच्या वाड्यांवरून ते पडले असावे, असे सामान्यतः मानतात. म्हणजे आमच्याकडील इनामाचाच प्रकार. येथील फेसाळ द्राक्षमद्याचे चाहते आवर्जून सांगतात की, जिरोलामो कोन्फोर्ती या ब्रेशाच्या वैद्याने १५७० साली जिभेस झोंबणाऱ्या मद्यांवर लॅटिन पुस्तिका लिहिली. शांपेनशी ज्याचे नाव जोडले जाते तो दोम पेरिन्यों हा मठवासी साधू ओव्हिले येथे १६६८ साली आला. सबब पहिला मान आमचा.

हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. कोन्फोर्तीची साक्ष एवढेच सिद्ध करते की, फसफसणारे मद्य त्यास ठाऊक होते. पारंपरिक पद्धत ही निराळी गोष्ट. तयार मद्य बाटलीत भरताना त्यात साखर व किण्व घालावयाचे, बाटलीतच ते दुसऱ्यांदा आंबू द्यावयाचे, महिनोन्महिने गाळावर निजवून ठेवावयाचे, आणि मग बाटली हळूहळू उलटी करीत तो गाळ तोंडाशी आणून काढून टाकावयाचा. या क्रियेचा पुरावा ती पुस्तिका नव्हे. आपल्याकडेही क्षेत्राचे माहात्म्य वेगळे आणि सनदेचा कागद वेगळा. कोर्टात दुसराच चालतो.

कागद पाहू गेल्यास हकीकत अशी दिसते. पीडमाँटमधील कानेल्लीच्या कार्लो गान्चाने फ्रान्समधील ही पद्धत १८६५ साली मस्कत द्राक्षांवर योजिली. ज्युलिओ फेर्रारीने शांपेन प्रांतात ही विद्या शिकून १९०२ साली त्रेंतो येथे कारखाना काढला. तेव्हा तेथे अद्याप ऑस्ट्रियाचा अंमल होता. अपत्य नसल्यामुळे त्याने १९५२ साली तो ब्रूनो लुनेल्ली या मद्यविक्रेत्याच्या स्वाधीन केला. फ्रान्चाकोर्ताची पाळी आणखी उशिरा आली. गुइदो बेर्लुक्की या जमीनदाराकडे फ्रान्को झिलियानी या तरुण तज्ज्ञाने १९६१ सालच्या पिकातून तीन हजार बाटल्या तयार केल्या. खरा इतिहास येथे सुरू होतो, आणि त्यात लाज वाटावी असे काहीही नाही.

उलट, या मुलखाची थोरवी त्यापुढील शिस्तीतच आहे. १९९० साली उत्पादकांनी आपला संघ स्थापिला. १९९५ साली इटालियन कायद्यातील मूळस्थानाची सर्वोच्च श्रेणी मिळविली. साधी बाटलीही किमान अठरा महिने गाळावर राहिली पाहिजे, ‘रिझेर्वा’ साठ महिने, असा निर्बंध त्यांनी स्वतःवर घालून घेतला. दरम्यान ‘शांपेनची पद्धत’ हे शब्द इतरांनी वापरू नयेत, हा नियम युरोपीय न्यायालयाने एका जर्मन उत्पादकाच्या दाव्यात डिसेंबर १९९४ मध्ये वैध ठरविला होता. उसन्या नावाची सोय संपली. आपल्या मुलखाचे नाव हीच पुंजी उरली.

गोमंतकातील वाचकांस यातील मर्म सहज कळेल. गोव्याच्या फेणीस २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले. तेवढ्याने काजूची फेणी परकी ठरत नाही. बी कोठून आले यापेक्षा ते कोणी, कोणत्या नियमाने जोपासले, यावर हक्क ठरतो. फ्रान्चाकोर्ताच्या भाटांनी चार शतकांची ऐकीव कीर्ती सांगण्याऐवजी साठ-पासष्ट वर्षांचा चोख हिशेब पुढे ठेवावा. तो दावा आम्ही तरी आनंदाने मंजूर करू.