रायगडावरील नरेन्द्रसदनें आणि शिलालेखांतील ‘वन’

राजगृह पाहावयास जाणारानें दगड काय सांगतो आणि दगडाविषयीं लोक काय सांगतात, हा विवेक ठेवला पाहिजे. आमच्या दासगावाकडून महाड, पाचाडमार्गें रायगड चढणाऱ्या प्रवाशांना गडावर जें ऐकविलें जातें, त्यांत तो क्वचितच आढळतो. मे १८१८ मध्यें गड इंग्रजांच्या हातीं गेला त्या वेळीं वाड्यांचें लाकडी काम आगींत गेलें. उरले ते चौथरे. चौथरा आपलें नांव सांगत नाहीं. म्हणून समकालीन लेखाची साक्ष आधीं घेणें प्राप्त आहे.

ती साक्ष जगदीश्वराच्या देवालयांतील संस्कृत शिलालेखांत आहे. त्यांतील संख्यावाचक शब्द वामगतीनें वाचले असतां शके १५९६ येतो. म्हणजे राज्याभिषेकाचेंच, इ. स. १६७४ चें वर्ष. कर्त्याचें नांव हिराजी. लेखांत ‘प्रासाद’ हा शब्द देवाच्या घराला आहे. राजाच्या घराला ‘नरेन्द्रसदन’ म्हटलें आहे, आणि तेंहि अनेकवचनीं. यावरून राजगृहें एकाहून अधिक होतीं इतकें सिद्ध होतें. अमुक चौथरा अमुक राणीचा, हें मात्र सिद्ध होत नाहीं.

‘वीथि’ म्हणजे ओळ, रस्ता, तशीच दुकानांची रांगहि. तेव्हां समोरासमोरच्या दोन ओळींना बाजारपेठ म्हणणें सयुक्तिक आहे. पण स्वार घोड्यावरून न उतरतां खरेदी करीत, या लोकप्रिय कथेस लेखांत आधार नाहीं. ‘स्तंभ’ म्हणजे गंगासागराकांठचे मनोरे, हेंहि अनुमानच.

राहिला ‘रम्य वन’ हा उल्लेख. विहिरी, तलाव, उपवनें ही नगरवर्णनाची काव्यरूढी आहे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, परंतु पुरेसा नाहीं. कारण त्याच मालिकेंतील तलाव आणि सदनांचे चौथरे आजहि डोळ्यांना दिसतात. वनाचा शोध घेणें म्हणून योग्य. मात्र केवळ या शब्दावरून एखाद्या मोकळ्या जागेस ‘राजोद्यान’ म्हणणें अयोग्य. दिल्लीच्या राष्ट्रपतिभवनांतील मोगल उद्यानाचें २०२३ मध्यें ‘अमृत उद्यान’ झालें. तेथें जुनें नांव सांगणारे कागद विपुल आहेत. गडावर बहुतेक प्रवाशांच्या दृष्टीनें पाटी हाच कागद.

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें इतर अकरा किल्ल्यांसह रायगड जागतिक वारशांत घेतला. आतां जी पाटी लागेल ती दूरवर वाचली जाईल आणि पुढील ग्रंथांत उतरेल. हस्तलिखितांत प्रक्षेप शिरतो तो असाच: समासांतली टीप पुढचा लेखक मूळांत घेतो. यास्तव प्रत्येक स्थलनामापुढें लेखसिद्ध, अनुमानित किंवा परंपरागत, यांपैकीं एक शब्द असावा अशी आमची सूचना आहे. परंपरा पुसूं नये. तिला लेखाच्या आसनावर बसवूं नये, इतकेंच.