शेती म्हणजे ‘मॉन्सूनचा जुगार’?

भूगोलाच्या तासाला एक वाक्य हमखास येते: भारतीय शेती हा मॉन्सूनचा जुगार आहे. अभ्यासक्रम बदलले, पुस्तके बदलली. पण हे वाक्य मार्गदर्शकांतून, निबंधांतून आणि आपल्या तोंडून चालतच आले आहे. परीक्षेत त्याला गुणही मिळतात. जालना जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत ते फळ्यावर लिहिले जाते, तेव्हा समोर बसलेल्या अनेक मुलांच्या घरी शेती असते. त्यांना आपण काय सांगतो? तुमचे आईवडील दर मृगाला फासे टाकतात, एवढेच. पाऊस आणि पीक यांचा संबंध कसा असतो ते या वाक्यातून कळत नाही. उलट, कळले असे वाटते आणि पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. म्हणून या वाक्याची जालन्याच्या जमिनीवर तपासणी करून पाहू.

जुगाराची ही उपमा शेतकऱ्याच्या बांधावर जन्मलेली नाही. इंग्रजी अमदानीत सरकारच्या अंदाजपत्रकाला पावसावरचा जुगार म्हटले जाई. जमीनमहसूल हे तिजोरीचे मोठे उत्पन्न होते आणि पाऊस हुकला की वसुली बुडे. तिजोरीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला पाऊस म्हणजे वर्षाकाठी येणारा एक आकडा दिसतो, चांगला किंवा वाईट. फाशावरही एकच आकडा पडतो, म्हणून उपमा चपखल वाटली. पण पिकाला वर्षाचा आकडा माहीत नसतो. पिकाला आजचा ओलावा माहीत असतो.

२०२३ सालचेच उदाहरण घेऊ. भारतीय हवामान विभागाच्या नोंदीनुसार त्या वर्षी देशात जूनमध्ये दीर्घकालीन सरासरीच्या ९१ टक्के, जुलैमध्ये ११३ टक्के, ऑगस्टमध्ये ६४ टक्के आणि सप्टेंबरमध्ये ११३ टक्के पाऊस झाला. चार महिन्यांची बेरीज सुमारे ८२० मिलिमीटर, म्हणजे सरासरीच्या ९४ टक्के. (मुलांना या चार टक्केवारींची साधी सरासरी काढायला सांगावी. ती ९५ च्या वर येते. मग ९४ कसे? जुलै-ऑगस्टचा सरासरी पाऊस जून-सप्टेंबरपेक्षा बराच जास्त असतो, हे त्यातून आपोआप निघेल.) शंभरात सहा कमी, म्हणजे फार काही बिघडले नाही असे हा आकडा सांगतो. पण १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट देशाने पाहिला नव्हता. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला महाराष्ट्र शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत जालना जिल्ह्याच्या आठपैकी पाच तालुके होते: भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा.

९४ टक्के पाऊस आणि पाच तालुक्यांत दुष्काळ, हे कोडे बेरजेने सुटत नाही. पिकाचे दिवस मोजले की सुटते. त्या वर्षी मॉन्सून केरळात ८ जूनला पोचला आणि महाराष्ट्रभर पसरायला जूनचा अखेरचा आठवडा उजाडला. पेरण्या जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात गेल्या. सोयाबीन पेरणीपासून साधारण ३५ ते ४५ दिवसांनी फुलावर येते, त्यानंतर शेंगा धरतात आणि दाणा भरतो. दिवस मोजले तर फुलोरा थेट ऑगस्टच्या उघडिपीत सापडतो. सप्टेंबरच्या पावसाने बेरीज सावरली. गळलेली फुले परत आली नाहीत.

तोच सप्टेंबरचा पाऊस तुरीला मात्र उपयोगी पडतो, कारण तुरीचा फुलोरा पुढे असतो. रब्बीच्या ज्वारीला आणि हरभऱ्याला तर तो ओल साठवून देतो. ऑगस्टअखेर काढणीला येणाऱ्या मुगाच्या मात्र तो मुळावरच येतो. एकच पाऊस एका पिकाला तारक, दुसऱ्याला निरर्थक आणि तिसऱ्याला मारक. फाशावर एका वेळी तीन आकडे पडत नाहीत.

जुगाराच्या उपमेत दुसरी चूक आहे ती हवामानशास्त्राची. पावसातला खंड हा मॉन्सूनचा अपघात आहे, असे त्या उपमेमुळे वाटते. वास्तविक जोराचा पाऊस आणि उघडीप यांचे आलटून पालटून येणे हा मॉन्सूनचा स्वभावच आहे. गंगेच्या मैदानापासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांबट पट्टा या काळात पसरलेला असतो. तो उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की तिकडे पाऊस वाढतो आणि मध्य भारत व महाराष्ट्र कोरडे पडतात. पट्टा पुन्हा दक्षिणेला आला की पाऊस परततो. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचे बरेचसे पाणी घाटातच उतरलेले असते. त्यामुळे बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर आपली बरीच भिस्त असते. ती येईनाशी झाली की खंड लांबतो. तो कोणत्या तारखेला सुरू होईल हे आधी नेमके सांगता येत नाही. पण हंगामात खंड पडणार, हे गृहीतच धरावे लागते.

आपल्या भाषेने ते केव्हाच गृहीत धरले आहे. जालन्यातला शेतकरी पावसाळ्याची बेरीज सांगत नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रात पेरण्या झाल्या, मघा बरसल्या नाहीत, असे सांगतो. सूर्याच्या एका नक्षत्राचा काळ साधारण साडेतेरा दिवसांचा असतो. मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रे होतात, म्हणजे हंगामाचे नऊ कप्पे. त्या त्या नक्षत्राचे वाहन बेडूक की उंदीर यावरून पाऊस सांगण्याला काही आधार नाही आणि वर्गात तसे स्पष्ट सांगावे. पण काळाचे मोजमाप म्हणून ही नऊ घरे वार्षिक सरासरीपेक्षा पिकाच्या कितीतरी जवळची आहेत. वाफसा, उघडीप, झड, दुबार पेरणी हे शब्दही ‘किती’पेक्षा ‘केव्हा’ आणि ‘कसा’ यांविषयीच बोलतात. हा शब्दसंग्रह घेऊन मूल शाळेत येते आणि आपण त्याला ‘मध्यम पावसाचा प्रदेश’ एवढे सांगून परत पाठवतो.

तिसरी गोष्ट जमिनीची. एकाच गावात, एकाच ढगाखाली दोन शेते घ्या. एक नदीकाठची मीटरभर खोल काळी जमीन. दुसरी माळावरची मुरमाड, वीतभर मातीची. खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असे पाणी ढोबळमानाने १५० ते २०० मिलिमीटर मावते. वीतभर थरात ३० ते ४०. वाढीला लागलेले पीक दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी घेते. भागाकार मुलांनीच करावा. माळावरचे पीक आठवड्या-दहा दिवसांत माना टाकते. खोल जमिनीतले, मुळे खाली गेली असतील तर, महिनाभर तग धरू शकते. तीन आठवड्यांचा खंड एकाचे नुकसान करतो, दुसऱ्याला थोडा ताण देतो. नशीब दोघांचे एकच होते. मातीची खोली निराळी होती. आणि ही खोली कायमची नसते. उताराला आडवी नांगरट, बांधबंदिस्ती केली तर ती टिकते. नाही तर दर पावसाळ्यात थोडी थोडी वाहून जाते.

शिवाय, शेताला लागणारा पाऊस शेतावरच पडतो असेही नाही. जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. त्या कालव्याखालच्या शेतकऱ्याचे वर्ष नाशिक-अहिल्यानगरकडच्या गोदावरीच्या खोऱ्यात किती पाऊस झाला आणि वरच्या धरणांनी किती पाणी खाली सोडले यावर ठरते. यातला पहिला भाग हवामानाचा, दुसरा वाटपाचा.

येथे माणसांच्या निर्णयांचा प्रश्न येतो आणि जुगाराची उपमा सर्वांत अधिक लपवते ती हीच बाजू. २०१२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. पाऊस फार कमी होता हे खरेच. पण मोसंबी बारमाही आहे. पावसाळा संपल्यानंतर आठ महिने, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तर नक्कीच, तिला पाणी लागते. आपल्याकडच्या बेसॉल्ट खडकात भूजल साठण्याला जागा मर्यादित असते. बागा वाढल्या, विंधनविहिरी खोल गेल्या, उपसा भरण्यापेक्षा जास्त होत गेला. दुष्काळ आला तो या आधीच रित्या झालेल्या साठ्यावर.

त्याच जालना तालुक्यातल्या कडवंची गावाने ते वर्ष बरेच निभावून नेले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने, माथ्यापासून पायथ्यापर्यंत मृद्-जलसंधारणाची कामे झाली. पुढे शेततळी आली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. ढग कडवंचीवर मेहेरबान झाले नव्हते. पडलेले पाणी तेथे जास्त थांबले.

अर्थात कडवंचीचे नाव घेऊन टाळ्या वाजवणे म्हणजे जुगाराच्या जागी चमत्कार आणणे होईल. शेततळ्याचा हिशेब पाहा. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळ्यात, बाजूंचा उतार धरून, सुमारे २० लाख लिटर पाणी मावते. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४ हजार लिटर. ५० मिलिमीटरचे एक संरक्षित पाणी द्यायचे तर २ लाख लिटर. म्हणजे बाष्पीभवन सोडले तर दहा एकरांना एक पाणी. खंडात पीक वाचवायला हे पुरेसे असते. पण तळे ओघळाच्या पाण्याने न भरता विहिरीतून उपसून भरले आणि प्लास्टिक अंथरून ठेवले, तर नवे पाणी काही निर्माण झाले नाही. जमिनीखालचे सर्वांचे पाणी एकाच्या तळ्यात आले, आणि उन्हाने त्यातले काही उडूनही गेले. तंत्र तेच, वापरानुसार ते गावाला तारते किंवा शेजाऱ्याची विहीर आटवते.

मग त्या जुन्या वाक्यात काहीच तथ्य नाही काय? आहे. पेरणीच्या दिवशी पुढच्या तीन आठवड्यांचे आकाश शेतकऱ्याला दिसत नाही. सगळे शहाणपण करूनही नुकसान होऊ शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात बुडाले. तेथे कोणते शेततळे कामी येणार होते? कोरडवाहू शेतीत अनिश्चितता मोठी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु अनिश्चितता आणि जुगार यांत फरक आहे. जुगारी खेळायचे की नाही ते ठरवू शकतो आणि हरला तर दोष त्याचा, असे आपण मानतो. पेरायचे की नाही, हा पर्याय शेतकऱ्याला असतो काय? त्याला जुगारी म्हटले की नुकसानभरपाई ही दया ठरते, हक्क राहत नाही.

हा नुसता शब्दांचा वाद नाही. हवामान विभागाच्या जिल्हावार वर्गवारीत सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पाऊसही ‘सर्वसाधारण’ गटात बसतो. त्या शब्दाने शेताची हकीकत कळत नाही, हे जाणूनच २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत तीन-चार आठवड्यांचा खंड, जमिनीतील ओलावा, पिकाची स्थिती यांना स्थान मिळाले. महावेध प्रकल्पातून महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे आली. तरीही एका मंडळात अनेक गावे असतात आणि श्रावणसर एका शिवेवर पडून दुसरी कोरडी ठेवते. केंद्र आहे तेथे पाऊस पडला तर बाकीच्या गावांतला खंड कागदावर मोडतो. या नोंदीला प्रश्न विचारायचा असेल तर गावाकडे स्वतःची नोंद हवी. ती कोण ठेवणार?

शाळा ठेवू शकते. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा एक डबा, एक मोजपट्टी आणि एक वही पुरे. डबा मोकळ्या जागी, झाड-भिंतीपासून दूर ठेवावा. हवामान विभागाप्रमाणे रोज सकाळी साडेआठला पाणी मोजावे, सुट्टीच्या दिवशीही. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस. ७ जूनपासून १० ऑक्टोबरपर्यंत नक्षत्रवार बेरीज मांडावी आणि सर्वांत लांब खंड किती दिवसांचा झाला ते लिहावे. शेजारच्या रकान्यात प्रत्येक मुलाने आपल्या शेताची पेरणीची तारीख, फुलोऱ्याची तारीख आणि मातीची खोली नोंदवावी. खोली पाहायला विहिरीची किंवा ओढ्याची कड पुरते. हंगामाच्या शेवटी दोन्ही रकाने समोरासमोर ठेवावेत. कोणाचे पीक का गेले आणि कोणाचे का राहिले, याची कारणे मुले स्वतः शोधतील. डब्याची नोंद शासनदरबारी पुरावा म्हणून चालणार नाही. पण मंडळाच्या आकड्याला कोठे आणि केव्हा हटकावे हे तिच्यावरून कळेल.

फळ्यावर एखादे वाक्य लिहायचेच असेल तर ते थोडे लांब लिहावे: पीक ठरते ते पाऊस किती पडला, केव्हा पडला, कोणत्या मातीवर पडला आणि पडल्यावर आपण त्याचे काय केले यावरून. निबंधात हे वाक्य तितके चमकणार नाही. पण त्याच्या चारही भागांत मुलांना मोजण्यासारखे काही आहे, आणि शेवटच्या दोन भागांत करण्यासारखेही.